अंधारावर संपणारं स्तोत्र

पोरगी, दिव्या, गेल्यावर थोड्याच दिवसांत धनवंता पुन्हा मासोळ्या विकायला बसली. बोदलकसा तलावावरून टोपली आणायची, तिरोड्याच्या बाजारात पोतं अंथरायचं, विळी धरून बसायचं. हात चालत होते. आधी गिऱ्हाइकाशी तिचं तोंड असं चालायचं की आजूबाजूच्या बाया ऐकायला थांबत. आता कोणी महाग म्हटलं की ती म्हणे, "दे मंग, जे देतेस ते." भाव करणाऱ्यालाच चोरट्यासारखं व्हायचं.

सिकलसेलच्या, रक्ताच्या दुखण्यानं पोरगी गेली. येशूच्या प्रार्थनेची माणसं शेवटपर्यंत उशाशी होती. देव बरं करणारच, असं छातीठोक सांगत होती. गेल्यावर खड्डा खोदायलाही तीच आली. घरचे देव सोडून धनवंता प्रार्थनेला जाऊ लागली तेव्हापासून दिरांनी बोलणं तोडलं होतं. ते गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले अन् तसेच परत गेले. नवरा कधीचाच वारलेला. आपली म्हणावी अशी माणसं आता तीच उरली, रविवारी टिनाच्या शेडमध्ये सतरंजीवर बसणारी.

त्या माणसांना तिच्याकडून एक हवं होतं. वर्षाच्या सभेत तिनं साक्ष द्यावी. साक्षीची रीत ठरलेली. माईकपुढं उभं राहायचं, आधी दुःख सांगायचं, मग देवानं कसं सोडवलं ते, अन् शेवटी सगळ्यांनी हालेलुया. पास्टर हेमराज तिच्या भाच्याच्या वयाचा. घरी येऊन गोडीनं म्हणाला, "मावशी, दोनच शब्द बोल. शांती भेटली म्हन. लोकाईचा इस्वास डगमगून राहिला."

"भेटली नाई ना पन."

"आज ना उद्या भेटनच. थोडं पहिले सांगतलं त का होते?"

सुशिलाबाई तिरोड्यात राहायच्या. दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स, शेडमध्ये बायांना शास्त्र, म्हणजे बायबल, शिकवायच्या. त्या मासोळी घ्यायला आल्या तेव्हा धनवंतानं खवले काढता काढता सगळं सांगितलं. राग आला असता तर देवाशी भांडली असती, पण रागही येत नव्हता. रडूही नाही. उभी राहून खोटं बोलवत नाही, अन् नाही बोललं तर हेही लोक जातील.

सुशिलाबाईंनी पिशवीतून शास्त्र काढून अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र उघडलं. धनवंतानं लुगड्याला हात पुसले. ती अडखळत वाचू लागली. कोणी रात्रंदिवस देवाला हाका मारतो आहे. जिवंतपणीच मेलेल्यांत त्याची गणती झाली आहे. सोबती दूर गेले. आता पालटेल, पुढच्या ओळीत पालटेल, अशी ती वाचत गेली. शेवटी ओळखीचा म्हणून उरला तो अंधार. पान उलटलं तर दुसरंच स्तोत्र.

"सिस्टर, मधातलं पान गेलं काय वो?"

"नाई. इथंच सरते."

"बिना शांतीचं?"

मग सुशिलाबाईंनी सांगितलं. हे यहुदी लोकांचं, येरुशलेमच्या मंदिरात गाणाऱ्या घराण्याचं. कोपऱ्यात एकट्यानं कण्हायला नाही, साऱ्यांनी मिळून गायला केलेलं. मंदिर पडलं, ते लोक देशोदेशी पांगले, तरी त्यांचे लिहिणारे चामड्यावर अक्षर न् अक्षर उतरवत राहिले. एवढ्या हातांतून गेलं, पण शेवटाला एक गोड ओळ कोणी जोडली नाही. येशूही त्यांच्यातलाच, अशीच स्तोत्रं ऐकत वाढलेला.

"अन् देवाले राग नाई आला?"

"आला असता त पुस्तकात ठेवू देल्लं असतं काय त्यानं?"

धनवंतानं पुन्हा विळी धरली. मासोळी कापून थैलीत भरून दिली.

सभेत तिचं नाव पुकारलं गेलं. ती शास्त्र घेऊन उभी राहिली. "मले माझं काई सांगता नाई येत. हे वाचतो," एवढं म्हणून तिनं ते स्तोत्र वाचलं, सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत. अन् खाली बसली. मागून कोणी हालेलुया सुरू केलं, ते अर्ध्यातच थांबलं. हेमराज माईक धरून तसाच उभा. मग त्यानं पुढचं गाणं घ्यायला लावलं.

तिला हलकं वाटलं नाही. पण जे वाचलं ते खोटं नव्हतं, एवढं मात्र कळलं.

जेवणाला ती शेडच्या दूरच्या टोकाला बसली. कोणी तिच्याजवळ आलं नाही. जेवण करून निघून जायचं, पुन्हा यायचं की नाही ते नंतर पाहू, असं तिच्या मनात होतं. भात वाढणारी रेणू पंगतीतूनच ओरडली, "अशी दूर कायले जाऊन बसली वो? वरन वाढाले कोनी नाई. बादली धर."

धनवंतानं उठून बादली घेतली. ओळीनं वाढत ती हेमराजच्या पानाशी आली. त्यानं वर पाहिलं नाही. तिनं एक पळी ओतली अन् पुढं सरकणार, तोच तो पानाकडं पाहतच म्हणाला, "आनखी थोडं टाक, मावशी."

तिनं टाकलं.