चहाच्या पाहणीवरचा शेरा

‘अक्षर सुंदर’ हे दोन शब्द आठवले की आजही माझं डोकं फिरतं.

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका कॉमर्स कॉलेजात मी नवा मास्तर होतो. वर्गात मुलगी एकच, वरवट बकाल गावची. वडिलांनी तिला बजावलं होतं, “फर्स्ट क्लास आला तं नागपूरले शिकाले धाडतो, नाही तं सोयरीक पाह्यतो.” त्या क्लासचा बराच भार शेवटच्या वर्षाच्या बाजार-पाहणीवर होता. त्या वर्षी सगळ्यांना विषय दिला होता चहा. आपापल्या गावात कोणत्या घरी कोणता चहा येतो, एवढं शोधायचं.

तिचा पहिला खर्डा पाहून मी कपाळाला हात लावला. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ते एक वेळ चाललं असतं, पण निष्कर्ष असा की सगळं गाव कंपनीचाच चहा पितं!

“विचारलंस कुणाला?”

“ओसरीवर जो भेटला त्याले, सर.”

“म्हणजे पुरुषांना. आणि चहाच्या डब्यात हात कुणाचा जातो?”

तिनं जीभ चावली. मी म्हटलं, “मेहनत चांगली आहे, आकडेमोडही बरोबर आहे. फक्त प्रत्येक घरापुढे उत्तर कुणी दिलं ते लिही. आणि पुन्हा जा, या वेळी थेट चुलीपाशी. तुला कोण अडवणार? पोरांना हे जमायचं नाही. शेवटी कुणाकडून तरी नीट उतरवून आण.”

ती पुन्हा घरोघर फिरली, मशिदीकडच्या गल्लीतसुद्धा. परत आली ती हसतच. ओसरीवरचा नवरा ऐटीत कंपनीचं नाव सांगतो. आत डबा कंपनीचाच, पण त्यात बाजारातला सुटा चहा. डबा रिकामा झाला की बाई गुपचूप भरते. एकीनं तर हिला शपथ घातली, “यायले सांगू नको बाई, कंपनीची चवच न्यारी म्हणून राह्यले!” ओसरीची उत्तरं आणि चुलीची उत्तरं तिनं शेजारीशेजारी मांडली होती. मला इतका आनंद झाला की मी ती पाहणी दोनदा वाचली.

विभागप्रमुखांनी ती नुसती चाळली. “बाकी सगळ्या पोरांचे आकडे जुळतात. हिचेच वेगळे, म्हणजे हिचेच चुकले.”

“सर, बाकीचे ओसरीवरूनच परतले. आत ही एकटीच गेली.”

“बायका काहीही सांगतात. घरचा कर्ता सांगेल ते खरं.”

मी भांडलो. चहा उकळणाऱ्या बाईला विचारायचं नाही, तर बाजार शिकवता कशाला, असंही बोलून गेलो. त्यांनी मला माझं नवेपण ऐकवलं, पासापुरते गुण दिले आणि खाली शेरा लिहिला, ‘अक्षर सुंदर’. अहो, चुकलं असेल तर काय चुकलं ते लिहा! उन्हातान्हात दोनदा गाव पालथं घातलेल्या पोरीला चूक तरी धड दाखवा! तेवढेही कष्ट त्यांनी घेतले नाहीत. तिचा फर्स्ट क्लास गेला आणि त्याबरोबर नागपूरही गेलं.

निकालानंतर ती मला भेटायला आली. रडेल असं वाटलं होतं. शेरा कळल्यावर तिनं एवढंच विचारलं, “वही वापस भेटन का, सर?”

“कशाला?”

“माह्या मोठ्या बहिणीनं उतरवून देल्ली होती. तिले सातवीतूनच काढलं शाळेतून. तिले दाखवतो, कॉलेजच्या सायबानं तिचं अक्षर चांगलं म्हटलं म्हणून.”

पाहणीच्या वह्या परत द्यायच्या नाहीत असा नियम होता. मी विभागप्रमुखांच्या कपाटातून ती वही काढली आणि कुणालाही न विचारता तिच्या हातात दिली. दोन बहिणींच्या वाट्याला मिळून तेवढेच दोन शब्द आले होते.