थोटकाशिवायची मेणबत्ती

मेणकाकांना जगात कुणाचंही भलं झालेलं बघवत असे. अपवाद एकाच माणसाचा, आणि तो नेमका साडू निघाला.

बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा इतिहासाचा मास्तर. निवृत्त झालेला, आणि निवृत्तीनंतर जास्तच शिकवायला लागलेला. सासरे हयात होते तेव्हा दोघे जावई बरोबर गेले की मास्तरांना हातांची खुर्ची मिळे आणि मेणकाकांना स्टूल. "तुमच्या कपड्यांना मेण असतं ना, खुर्चीला लागेल," असं सासूबाई फार प्रेमानं सांगत. पुढे सासूबाई गेल्या, सासरे गेले, खुर्चीही मोडली. मेणकाकांच्या डोक्यातलं स्टूल मात्र अजून ठणठणीत होतं.

त्यांचं राज्य वर्षातून एका संध्याकाळपुरतं. नाताळला चर्चमध्ये लागणारी कमरेएवढी उंच, मांडीएवढी जाड मेणबत्ती त्यांनीच घडवायची आणि त्यांनीच पेटवायची. सव्वीस वर्षं हे चाललं होतं, त्याआधी वडिलांच्या हातून. एरवी गल्लीत कुणी विचारत नसे, पण त्या संध्याकाळी सगळं चर्च श्वास रोखून त्यांच्या हातातल्या काडीकडे बघे.

यंदा फादरनी मास्तरांना गळ घातली, की मेणबत्तीच्या आधी अर्धा तास बोला, नाताळ कुठून आला ते सांगा. झालं. दुकानात, नळावर, न्हाव्याकडे, जो तो "मास्तर म्हणाले" असंच सुरू करायला लागला. घरीसुद्धा.

"अहो, ऐकलंत का?" ताटात वाढता वाढता बायको म्हणाली. "येशूच्या जन्माची तारीख बायबलात दिलेलीच नाही म्हणे. त्याच्याही आधी रोमन लोक ऐन थंडीत मोठा सण करायचे. मालक नोकरांना वाढायचे! आणि उत्तरेकडचे लोक सूर्य परत यावा म्हणून जाळ करायचे, घरात हिरव्या फांद्या आणायचे. मास्तर म्हणाले, ते सगळं आपल्या सणात मुरलंय."

"मला कधी वाढलंस का अशा कौतुकानं?"

"आता काय करतेय मी?"

दुसऱ्या दिवशी मेणकाकांनी फादरचं दार वाजवलं. "हा माणूस आपला सण दुसऱ्याचा आहे म्हणून सांगणार, आणि तेही आपल्याच चर्चमध्ये!"

फादर हसले. "मेणकाका, हे मीही शिकलोय. लोक आधी सूर्याची वाट बघत होते, मग दुसऱ्या उजेडाची बघायला लागले. देव काही त्यानं लहान होत नाही."

देव होत नसेल, मेणकाका झाले. तोंड पाडून परतले तर कारखान्यात, म्हणजे परसातल्या पत्र्याच्या खोलीत, मास्तर स्टुलावर बसलेले!

"साडूभाऊ, एक मागणं आहे. गेल्या वर्षीच्या मेणबत्तीचं थोटूक तुम्ही नव्या मेणात वितळवता ना?"

वितळवत होते. जवळजवळ अर्धी मेणबत्ती उरायची. ती कढईत आधी, मग नवं मेण. वडिलांनी घालून दिलेली रीत. का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही.

"म्हणजे यंदाच्या मेणबत्तीत तुमच्या वडिलांच्या हातचंही थोडं मेण असणार. तसाच हा सण! मी भाषणात हाच दाखला देणार आहे. थोटूक हातात धरून दाखवलं तर..."

मेणकाकांच्या अंगाचा तिळपापड झाला. सण नेला, बायकोचे कान नेले, आता मेणबत्तीपण!

"न्या," ते म्हणाले. "कायमचं न्या. यंदा मी नवीकोरी करणार. जुन्याचा कणसुद्धा घालणार नाही. मग द्या दाखला."

मास्तर चपापले, पण थोटूक पंचात गुंडाळून घेऊन गेले. मास्तरच ते.

तीन दिवस मेणकाकांनी वात बुडवली, वर काढली, निववली, परत बुडवली. बाजारातलं पांढरंशुभ्र मेण. मेणबत्ती अशी देखणी झाली की बघतच राहावं. बायकोनं तिच्यावर बोट फिरवलं. "काचेसारखी लागते हो. जुनी अशी नव्हती लागत."

"जुनीचं नाव काढू नकोस."

नाताळच्या संध्याकाळी चर्च खच्चून भरलं होतं. दारं सताड उघडी, आत गार वारा. मास्तर झकास बोलले, हे मेणकाकांनाही कबूल करावं लागलं, म्हणून त्यांनी ते केलं नाही. रोमन लोक त्या सणात एकमेकांना मेणबत्त्या भेट द्यायचे, हे सांगताना मास्तरांनी थेट त्यांच्याकडे हात केला. "हा धंदा या सणाहून जुना आहे!" माना वळल्या. मेणकाका छताकडे बघत बसले.

मग त्यांची पाळी आली. मेणबत्ती उंच चौथऱ्यावर होती, ते स्टुलावर चढले. काडी ओढली. ज्योत वातीला लागते न लागते तोच 'टक' असा आवाज झाला. वरपासून खालपर्यंत एक रेघ गेली, आणि मेणबत्तीची अर्धी बाजू ढलपीसारखी सुटून खाली आपटली. वात वाकली, विझली.

तेव्हा त्यांना वडिलांची रीत कळली. जुन्या मेणात वडिलांच्या वेळचं मधमाश्यांचं मेण मुरलेलं होतं, मऊ. थंडी तेच सोसत होतं. बाजारातलं नुसतं कडक मेण गारठ्यात तडकणारच.

पहिल्या रांगेतून मास्तर उठले, थोटूक दोन्ही हातांत धरून पुढे आले आणि हळूच म्हणाले, "साडूभाऊ, माझं काम झालंय याचं."

नाही म्हणावं, असं मेणकाकांच्या फार मनात होतं. पण सगळं चर्च काडीकडे बघत होतं. त्यांनी थोटूक घेतलं, तडकलेली मेणबत्ती बाजूला करून तिच्या जागी बसवलं, नखानं वात मोकळी केली आणि पेटवली. जुनी पिवळसर ज्योत डुगडुगली आणि सरळ झाली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि मागून कुणाचा तरी आवाज आला, "वा मास्तर! नुसतं सांगितलं नाही, करून दाखवलं!"

सगळ्यांना वाटलं, हे आधीच ठरलेलं होतं. मास्तर "नाही हो, नाही" म्हणत राहिले, पण मोठ्या माणसाचा विनय म्हणून तेही खपलं.

नाताळचे दिवस सरल्यावर थोटूक आणि तडकलेले तुकडे घरी आले. थोटकाच्या बुडाशी मास्तरांचा अंगठा उमटला होता, भाषणाच्या जोशात घट्ट दाबलेला. मेणकाकांनी सुरी घेतली आणि तो ठसा तेवढा अलगद खरवडून काढला. मग सगळं कढईत टाकून वितळायला ठेवलं.

सुरीच्या पात्यावर चिमूटभर मेण उरलं. त्यांच्या धंद्यात मेण फेकत नाहीत. ते बराच वेळ पात्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांनी सुरी कढईच्या काठावर आपटली, तेवढंही मेण आत पडलं.

दारात बायको उभी होती.

"त्याला सांगू नकोस," मेणकाका म्हणाले.