सागरच्या रुपयाची तिसरी नोंद

अच्युत मुंडले जबलपूरच्या गोरखपुरात आमच्या शेजारी राहतात. फॅक्टरीत ते गेज तपासतात. तोफगोळ्याचा एखादा भाग ठरल्या मापाचा आहे की नाही, हे ज्या पोलादी मापाने ठरवतात ते गेज, आणि ते मापच खरं आहे का हे पाहणं हे अच्युतकाकांचं काम. सत्तावीस वर्षं ते हेच करत आले. एकाहत्तरच्या हिवाळ्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या होत्या. काका घरी येत तेव्हा त्यांच्या बोटांना मशीनच्या तेलाचा वास असे, आणि त्याच बोटांनी ते जमवलेली जुनी नाणी कडांनी धरून उजेडात फिरवीत. नाण्याच्या चेहऱ्याला त्यांनी कधी बोट लावलं नाही.

नाण्यांपेक्षा त्यांना जास्त छळलं ते पुस्तकांनी. जुन्या नाण्यांवरचा एक जाडजूड ग्रंथ नागपूरच्या ग्रंथालयात होता, पण तिथेच बसून वाचायचा. काकांनी चार उन्हाळ्यांच्या रजा घालवून त्यातली पानं उतरवून आणली. त्यात टांकसाळी होत्या, वजनं होती, किमती नव्हत्या. किमतींसाठी जबलपुरात एकच छापील पुस्तिका मिळे. ती भय्यासाहेबांची. नेपियर टाउनमध्ये त्यांचं जुन्या चांदीचं आणि नाण्यांचं दुकान आहे. पुस्तिका तेच लिहितात, तेच छापतात, आणि गिऱ्हाईक नाणं विकायला आलं की तीच काउंटरवर उघडून ठेवतात.

पुस्तक विकत घेण्याआधी काका त्याची परीक्षा घेत. आपल्याला पक्कं ठाऊक असलेलं एक नाणं त्यात शोधायचं. तिथे पुस्तक चुकलं, तर जे ठाऊक नाही त्याबद्दल त्याचा शब्द मानायचा नाही. त्यांचं ते नाणं म्हणजे सागर शहरातल्या मराठ्यांच्या टांकसाळीचा चांदीचा रुपया. भय्यासाहेबांच्या पुस्तिकेत एका पानावर त्यासकट चोवीस निरनिराळे रुपये होते आणि चोविसांचं वजन एकच.

"यानं तराजू पाहिलाच नाही," काका म्हणाले होते.

तरी त्यांनी तिन्ही आवृत्त्या घेतल्या आणि शेजारी शेजारी मांडल्या. मग दिसलं ते असं: जे नाणं भय्यासाहेबांना अजून विकत घ्यायचं असे ते पुस्तिकेत 'साधारण' असे, आणि त्यांच्या कपाटात येऊन बसलं की पुढच्या आवृत्तीत ते 'दुर्मिळ' होई.

त्यानंतर काकांनी स्वतःची वही सुरू केली. डोळ्यांसमोर झालेली विक्रीच तिच्यात लिहायची: तारीख, जागा, किंमत, घेणारा. जे पाहिलं नाही तिथे कोरी जागा. सागरच्या रुपयापुढे अकरा वर्षांत दोन नोंदी होत्या. नागपूरला साठ रुपये. सागरला पंचावन्न.

डिसेंबरात लढाई लागली आणि वस्तीत जवानांच्या मदतीसाठी समिती उभी राहिली. बायकांनी देवघरातली चांदी, जुनी नाणी दिली. अच्युतकाकांच्या पत्नी विनताकाकूंनी माहेरून आलेले, दर दिवाळीला लक्ष्मीपुढे ठेवायचे सागरचे सात रुपये दिले. काका स्वतः ते पोचवून आले. देण्याबद्दल त्या घरात एक शब्द झाला नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात विक्री होती. समितीचे अध्यक्ष अंबादासजी, फॅक्टरीतले फोरमन. जमलेली एकशे चाळीस नाणी, एकगठ्ठा, आणि किंमत पुस्तिकेप्रमाणे. एवढी रक्कम रोख देणारा माणूस एकच होता आणि तो पहिल्या खुर्चीवर बसला होता.

काकांनी वही उघडून टेबलावर ठेवली. "सागरचा रुपया सात रुपयांना चालला आहे. हा चांदीचा भाव झाला. नाण्याचा नाही."

"अच्युतराव," अंबादासजी म्हणाले, "वही तुमच्या हातची. उद्या कोणी विचारलं तर दाखवू काय? हे छापील आहे."

"तुम्ही गोळ्याला गेज लावता, की पेटीवरचं लेबल वाचता?"

मागे दोघं-तिघं हसले. अंबादासजी हसले नाहीत. "चलो, फॅक्टरी इथे नका आणू. लोक थंडीत बसून राहिले."

"वही छापा न, अच्युतजी," भय्यासाहेब गोड आवाजात म्हणाले. "दुकानात ठेवतो मी. कमिशन नको मला."

काकांचा आवाज तरी चढला नाही. "ते सात बाजूला काढा. माझ्याजवळ आहेत त्यात चाळीसप्रमाणे मी घेतो. पैसे जवानांनाच जातील."

मागून कोणीतरी म्हणालं, "अच्छा, म्हणजे यांनाच पाहिजे होते. तरीच म्हटलं, काहून एवढं बोलून राहिले."

या वेळी सगळे हसले. मी तिथे होते, आणि ते हसू मला अजून गिळता आलेलं नाही. ज्याने पुस्तक लिहिलं, त्यानेच त्या पुस्तकाच्या भावाने माल उचलला, आणि त्याचा स्वार्थ कोणाला दिसला नाही. जो जवळपास सहापट द्यायला निघाला होता तो स्वार्थी ठरला. हसणारी माणसं फॅक्टरीत केसाएवढी चूक असलेला तुकडा पुढे जाऊ देत नाहीत. छापील अक्षराला त्यांनी साधं मापसुद्धा लावलं नाही.

गठ्ठा फोडायचा नाही, असं ठरलं. नाणी भय्यासाहेबांच्या पिशवीत गेली. सागरच्या सात रुपयांचे जवानांना एकोणपन्नास रुपये मिळाले.

दिवाळीत पुस्तिकेची चौथी आवृत्ती आली. काकांनी तीही पूर्ण किंमत देऊन आणली आणि ओट्यावर बसून सागरचा रुपया काढला. 'दुर्मिळ. पंच्याऐंशी रुपये.' वजन मात्र अजून चोविसांचं एकच होतं.

त्यांनी वही मागवली. जानेवारीतली ती ओळ तोवर त्यांच्या हातून लिहून झाली नव्हती. साठ आणि पंचावन्नच्या खाली त्यांनी तिसरी ओळ सुरू केली. तारीख. शाळेचा व्हरांडा. सात रुपये.

विनताकाकू दारात उभ्या होत्या. लक्ष्मीचं ताट त्यांच्या हातात होतं, आणि त्यात त्या वर्षी नुसते तांदूळ होते. "हीपण विक्रीच धरता काय?"

"डोळ्यांसमोर झाली. लिहावी लागते."

"वाचणारा म्हणेल, सातला मिळतो."

"पुढचा रकाना वाचला तर नाही म्हणणार," काका म्हणाले, आणि 'घेणारा' या शब्दाखाली त्यांनी जपून, सुवाच्य अक्षरात लिहिलं: किंमत-पुस्तिकेचे लेखक.