भिंती नसलेलं दार

मी, माझी जाऊ शेवंता, मुकादम गणपत, घणवाले गडी आन् ठेकेदार, असे होतो आम्ही सरदाराची जुनी हवेली पाडताना. दोन हात रुंद चुन्याच्या भिंती, घण मारला की घणच उलटा यायचा. तरी पाडल्या. शेवटी मधोमध नुसती सागवानी चौकट उरली, ठेंगणी, वर गणपती कोरलेली. त्याच्यावर घण घालायला कुणी धजेना.

चारी बाजूला मोकळं रान, तरी आम्ही दोघी डोक्यावरची पाटी कडेवर घेऊन त्या दारातूनच वाकून बाहेर पडायचो. ठेकेदार खेकसला, "म्हातारे, भिंत हाय का आता? बाजूनं जा की!"

शेवंता म्हणाली, "दार सोडून चोर जातंय, मालक."

तो हसला. मग चौकट तशीच उपटून विकली त्यानं.

जन्म गेला माझा पाट्या वाहण्यात. लोकांची घरं उभी केली, लोकांचीच पाडली. माझ्या घराला अजून तरटाचा पडदा हाय, त्याचं काही नाही. पण परवा नातीनं हाटेलात नेलं, तर तीच चौकट भिंतीला टांगलेली, मधे आरसा बसवलेला. मी सवयीनं वाकले, तर समोर माझंच तोंड. जायला वाटच नाही. असा संताप आला, चहा तसाच ठेवला.

तुमच्याकडं असलं दार असंल, तर बाबांनो, भिंतीवरनं उतरवा. कुठंतरी खरंच लावा. माणसं जाऊ-येऊ द्या त्यातनं.