हातात धरलेली सायकल

मी सायकल शिकले ती लेकीच्या लग्नानंतर. तिला शाळेत असताना सरकारकडून सायकल मिळाली होती. लग्नात भांडी गेली, कपाट गेलं, सायकल मात्र सासरच्यांना नको होती. ती आमच्या भिंतीला टेकून राहिली आणि आम्ही तिच्यावर गोधड्या वाळत घालू लागलो. पुढं मला कनेरगाव नाक्यावर एका ढाब्यात भाकरी करायचं काम लागलं. जायला सोय नव्हती. भर दुपारी, सगळं गाव शेतात असताना, मी ती सायकल शाळेमागच्या मोकळ्या जागेत नेली आणि पडत पडत शिकले. पडताना कोणी पाहिलं नाही याचंच मला समाधान होतं.

माझा स्वभावच तसा आहे. चार माणसांत मला बोलता येत नाही. चौथीत बाईंनी कविता म्हणायला उभं केलं तेव्हा माझा आवाज फुटला नव्हता, तो अजून फुटायचा आहे. ढाब्यावरचं काम म्हणूनच मला आवडलं. चूल मागच्या बाजूला, मध्ये पत्र्याचा आडोसा. पुढं ट्रकवाले जेवायला बसतात, त्यांना माझी भाकर दिसते, मी दिसत नाही. ढाब्याचे मालक चांगले आहेत. त्यांचं म्हणणं एकच, "ताई, गिऱ्हाईक येतं दिवस मावळल्यावर. तुमी चार वाजता जाऊन मला काय उपयोग?"

म्हणून घरी यायला अंधार व्हायचा.

माझ्या नवऱ्याकडं मोटारसायकल आहे. पहिला आठवडा ते मला न्यायला आले. रस्त्याच्या पलीकडं, कडुलिंबाखाली गाडी लावून तोंड फिरवून उभे राहायचे. मग एक दिवस म्हणाले, "ढाब्याच्या म्होरं बायकोची वाट बघत उभं ऱ्हायचं, बराबर न्हाई वाटत. वळखीचे लोक जाऊन राहिलेत." कामावर जाऊ नको असं मात्र म्हणाले नाहीत. पगार घरात येत होता. गावात कोणी विचारलं तर सांगायचे, "येते की दिवस मावळायच्या आत."

त्यांचा शब्द खोटा पडू नये म्हणून मी बिनबत्तीची यायची. वाशिमचा रस्ता आता रुंद झालाय, कडेला पांढरा पट्टा आहे. तो पट्टा धरून चालवायचं. मागून गाडी आली की तिच्या उजेडात पुढचं सगळं दिसायचं, ती गेली की पुन्हा पट्टा. गावाजवळ नाला आहे, तिथं उतरायचं आणि मागच्या बोळातून सायकल ढकलत घरी. चौकात हॉटेलपुढं माणसं बसलेली असतात. मी किती वाजता आले हे त्यांच्यातल्या एकालाही सांगता आलं नसतं. अंधार माझ्या सोयीचा होता. उजेड नसल्यामुळं मी मरू शकते हे मला कळत नव्हतं असं नाही. पण मरण एखाद्या दिवशी येणार, आणि चौक रोज असतो.

मग माझे चुलत सासरे गेले. बाजारातून सायकलवर परत येत होते. एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या लावून रस्त्याच्या कडेला उभा होता, ट्रॉलीचं चाक पंक्चर होतं. त्या ट्रॅक्टरला पुढून लग्नाच्या मांडवासारखी रोषणाई आहे, लाल, हिरवी, निळी, आणि गाणी लावायला दोन भोंगे. मागं काही नाही, लाल बत्ती नाही की रेडियमची पट्टी नाही. ट्रॉलीच्या मागं एक दगड ठेवला होता, तेवढीच खूण. सासरे पट्टा धरून आले असतील, माझ्यासारखेच. पट्टा त्या ट्रॉलीखाली गेला होता.

चौदावं झालं आणि ग्रामसभा भरली. बाया पण पाहिजेत म्हणून आम्हाला बोलावलं, आधीच सह्या घेतल्या आणि दाराजवळ बसवलं. ट्रॅक्टर ज्यांचा, तेच बोलायला उठले. अगदी हळहळून बोलले. "आपलं एक माणूस गेलं. उद्या आणखी जाईल. मोठ्या रोडवर अंधारात सायकल म्हंजी मरणाला आवतन. दिवेलागणीनंतर रोडवर सायकल बंद, असा कायदाच पायजे."

ग्रामसेवक म्हणाले, "असा कायदा ग्रामसभेला करता येत नाही."

"कायदा नसू द्या, गावाचा ठराव करा. बिनबत्तीची सायकल सापडली की पंचायतीत जमा."

रोजानं जाणारा एक म्हातारा भिंतीजवळून म्हणाला, "बत्ती ट्रॉलीला पायजे व्हती."

"म्हातारबा, ट्रॉली उभी व्हती," ते म्हणाले. "ती गेली का त्याच्या अंगावर? तेच येऊन धडकलं."

दोघंतिघं हसले. गेलेल्या माणसाचा मुलगा तिथं बसला होता, तो खाली बघत राहिला. त्याची जमीन हेच ट्रॅक्टरवाले नांगरून देतात. मला म्हणायचं होतं की बत्तीचा कायदा व्हावा, जरूर व्हावा, पण रस्त्यावर येणाऱ्या सगळ्यांना व्हावा, उभं राहणाऱ्यालाही. शब्द जुळवून झाले तोवर हात वर करा म्हणाले. खोलीत जेवढे हात वर झाले, त्या सगळ्यांच्या घरी मोटारसायकल होती. माझ्या नवऱ्याचाही हात त्यात होता. आमच्या गावात अंधारात सायकलवर येणारी माणसं मोजून चार-पाच, आणि त्यातली बाई मी एकटी.

घरी मी विचारलं. ते म्हणाले, "सगळ्यांनी केला वर. मी एकटा काय खाली ठिवू?"

नाक्यावर सायकली दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. त्यांचे वडील पण हेच काम करायचे. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडं गेले. त्यांनी पुढं पांढरी बत्ती बसवली आणि मागं लुकलुकणारी लाल.

"बेटी, ही बत्ती लय लांबून दिसते," ते म्हणाले. "आमच्या टायमाला रॉकेलची असायची. शहरात बिनबत्तीचा सापडला की पोलीस चाकाची हवा सोडून द्यायचा. मग आमी काय करायचो? नाका आला की उतरायचं, सायकल हातात धरून चालायचं. पोलीस आडवा आला की म्हनायचं, साहेब, मी कुठं सायकलवर हाये? हातात धरली की ती सायकल न्हाई, सामान."

मी हसले. त्या आठवड्यात तेवढंच हसले असेन.

लाल बत्ती लांबून दिसते हे त्यांनी खरं सांगितलं होतं. पांढरी पण दिसते. आमचा रस्ता गावाकडं सरळ उतरत येतो, चौकातून पार चढापर्यंत दिसतो. मी चढावर आले की हॉटेलपुढच्या लोकांना कळायचं. पहिल्या दिवशी कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी नाल्याजवळ उतरले तर चौकातून आवाज आला, "विमान उतरलं रे." मग रोज सुरू झालं. "आज विमान लेट हाय." "ढाब्यावर भाकरी लई खपल्या वाटतं." एक जण माझ्या नवऱ्यालाच म्हणाला, "तुमी तर म्हनत व्हते दिवस मावळायच्या आत येते. तुमच्याकडं दिवस कवा मावळतो, सांगा तरी."

त्या दिवशी ते घरी आले ते चप्पल न काढताच आत आले.

"लाईट लावून यायची काय गरज व्हती? येत व्हतीस तशी आली असतीस गुपचूप."

"ठराव झालाय. बिनबत्तीची धरली तर जमा करतील."

"मंग जाऊ नको."

सासूबाई ज्वारी निवडत बसल्या होत्या. सुपातून डोकं वर न काढता म्हणाल्या, "बाईच्या जातीनं उजेड लावून गावाला काहून दावायचं, मी आता येऊन राहिले म्हून?"

"आत्याबाई, ट्रकवाल्याला दिसावं म्हणून लावते."

"ट्रकवाल्यालाच दिसायचं असंल तर मंग काय बोलावं."

मी उठून बाहेर गेले. बोलता येणाऱ्या बाईनं काहीतरी उत्तर दिलं असतं. मी सायकलवरच्या दोन्ही बत्त्या काढल्या.

काम सोडायचं नव्हतं. ढाब्यावर माझ्या भाकरीची वाट बघणारी माणसं असतात, घरची माणसं ताट पुढं आलं की मान खाली घालून जेवतात. पगार बंद झाला असता तर ते नवऱ्यालाही चाललं नसतं, हे दोन दिवसांत दिसलं. मी घरीच बसले तेव्हा तिसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "ढाबेवाल्याचा फोन आला व्हता. बघ तुझं काय ते. फकस्त तकलीफ नको मला चौकात."

बत्ती लावली तर चौक, नाही लावली तर पंचायत. मला चाचांचं सामान आठवलं.

तेव्हापासून मी रोज चालत येते. सायकल हातात धरून. जाताना उजेडात बसून जाते, येताना ढकलत आणते. पांढऱ्या पट्ट्यावर नाही, त्याच्याही खाली, मुरमावर. सायकलवर लवकर संपणारा रस्ता आता तासाच्या वर जातो, आणि तेवढा वेळ मी अंधारात त्याच गाड्यांच्या कडेला असते. आधीपेक्षा जास्त वेळ, जास्त दमलेली. पण ठराव मोडला नाही. सायकलवर कोणी नाही, बत्ती नाही म्हणून विमान नाही. नवरा आता चौकात निवांत बसतो. एकदा मी विचारलं, "सायकल तरी काहून न्यायची, निस्ती चालतच जाऊ का?" ते म्हणाले, "तुझी मर्जी." खरंच ती माझीच मर्जी उरली आहे.

या हंगामात एकदा तोच ट्रॅक्टर मला दिसला. चढाच्या अलीकडं उभा, ट्रॉल्या हळदीच्या पोत्यांनी भरलेल्या, ड्रायव्हर जवळ नव्हता. पुढची रोषणाई चालू होती, गाणंही चालू होतं. मागून काही दिसत नव्हतं. मला गाण्यामुळं कळलं. मागं पुन्हा दगडच ठेवला होता.

मी थोडी पुढं गेले आणि थांबले. लाल बत्ती पिशवीत होती, घरी ठेवली तर सासूबाईंना दिसायची म्हणून सोबतच असायची. मी परत गेले. लुगड्याच्या जुन्या काठाची एक चिंधी पिशवीत होती, तिनं ती बत्ती ट्रॉलीच्या मागच्या कडीला बांधली आणि बटण दाबलं. लुकलुक सुरू झाली. चढावरून मागं वळून पाहिलं तर लांबून दिसत होती. मागून आलेला एक ट्रक बऱ्याच आधी बाजूला सरकला. सासऱ्यांसाठी एवढं कोणी करायला पाहिजे होतं असं वाटलं. पुढं मला वाटलं की ट्रॅक्टरवाल्यांच्या लक्षात येईल, ते स्वतःची बत्ती लावतील आणि माझी कोणाच्या तरी हाती परत देतील. असं वाटून घेणं हा माझा भोळेपणा.

आठ-दहा दिवसांनी तो ट्रॅक्टर दिवसाढवळ्या आमच्या दारावरून गेला. पुढं, देवाच्या फोटोच्या वर, लाल, हिरव्या, निळ्या दिव्यांच्या मधोमध माझी बत्ती लुकलुकत होती. काठाची चिंधी तशीच होती. मागं ट्रॉलीची कडी मोकळी.

नवरा ओट्यावर बसला होता. म्हणाला, "नवी बसवलेली दिसते. भारी दिसून राहिली की."

मी म्हटलं, "व्हय." आणि ढाब्यावर जायची वेळ झाली होती म्हणून सायकल बाहेर काढली.