चानीचं बोंड आणि गणकयंत्र

पहिलीचा वर्ग एकदा प्रेमदास गुरुजींच्या गळ्यात पडला तो सोळा वर्षं निघालाच नाही. बोरगाव मेघेजवळच्या त्या शाळेत वरचे वर्ग इतरांनी आधीच वाटून घेतले होते. साठ-सत्तर पोरांना दिवसभर अक्षरं घोकवून चाळिशीतच हा माणूस साठीचा दिसायला लागला. शाळा सुटली की घरी येऊन ओट्यावर टेकायचं आणि जिजाबाईंनी पुढं ठेवलेला चहा निवेपर्यंत नुसतं बघत बसायचं, हा त्यांचा नेम. बायको बोलायची, हे मान हलवायचे. संसार असा मानेवर चालला होता.

या माणसानं आयुष्यात हौस म्हणून एकच गोष्ट केली, ती म्हणजे पोरांसाठी एक गोष्ट लिहिली. ‘चानीचं बोंड’ तिचं नाव. चानी म्हणजे खार. तिनं घरट्यासाठी आणलेलं कापसाचं बोंड वारा उडवून नेतो आणि ती शोधायला निघते. बाभळीला विचारते, बंडीला म्हणजे बैलगाडीला विचारते, बैलाला विचारते. दर वेळी भेटेल त्याच्यापुढं आपलं गाऱ्हाणं पहिल्यापासून सांगते: ‘वाऱ्यानं उडवलं, बाभळीनं अडवलं, बंडीनं पळवलं, माहं बोंड कोनं देखलं?’ एकेक नाव वाढत गाऱ्हाणं लांबत जातं. बारा वेळा. ज्या पोराला पहिल्यांदा काही कळलं नाही, ते पाचव्या खेपेला चानीच्या आधी म्हणायला लागतं. गोष्टीची सगळी गंमत तिथंच होती.

चौपन्न साली वर्ध्याच्या ताराचंद छापखानेवाल्यानं ती छापली. माणूस वाईट नव्हता, पण चिकट. एका तावात सोळा पानं बसतात, त्याच्यावर अर्धं पान जाऊ द्यायला तयार नाही. लेखकाला न विचारता त्यानं दुसऱ्या खेपेपासूनचं सगळं गाऱ्हाणं कापलं आणि तिथं एकच ओळ टाकली: ‘येथे मागील सर्व पुन्हा म्हणावे व नवे नाव जोडावे.’ मुखपृष्ठावर नावही नव्हतं, नुसतं ‘एक शिक्षक’.

“तुमचं नाव टाकलं असतं तं कित्येक घरांत पुस्तक पोराच्या हातीच देलं नसतं, गुरुजी. तुमाले तं मालूमच हाये,” ताराचंद म्हणाला होता.

मालूम होतंच. गुरुजी भांडले नाहीत. भांडायला अंगात त्राण लागतं, ते पहिलीच्या वर्गात संपून जायचं.

अठ्ठावन्न साली ताराचंद सायकल दामटत शाळेत आला. छापखान्याच्या पत्त्यावर ‘एक शिक्षक’ यांना कलकत्त्याहून पत्र आलं होतं. लिहिणारे सदाशिवराव मूळ नागपूरचे, तिकडं एका संस्थेत नव्या गणकयंत्रावर संशोधन करणारे. भाच्याच्या दप्तरात त्यांना ही पुस्तिका सापडली. यंत्राला तेच काम बारा वेळा करायला लावायचं असेल तर बारा वेळा लिहून द्यावं लागत नाही, असं त्यांनी कळवलं होतं. ‘मागचं पुन्हा कर, नवं जोड, अमुक झालं की थांब’ एवढी आज्ञा पुरते. ती पोरांच्या पुस्तकात इतकी नेमकी त्यांनी कुठं पाहिली नव्हती. इंग्रजी निबंधात ते तिचा दाखला देणार होते. ‘ही ओळ आपणच योजली असल्यास तसे कळवावे, म्हणजे तळटिपेत आपले पूर्ण नाव घालता येईल.’

मुख्याध्यापक मधुकररावांनी पत्र दोनदा वाचलं. “लिहून टाका, माझीच आहे म्हणून. पुस्तक तुमचं, मग त्यातली ओळ कुणाची? प्रेमदास, अहो, विद्वानांच्या निबंधात नाव छापून येतंय. ताराचंदलाही काही वाटायचं नाही.”

“मले काय वाटते,” ताराचंद म्हणाला. “तुमीच लिवा.”

गुरुजींना मोह झाला. झाला नाही असं कोण म्हणेल? नागपूरला घेतलेल्या बौद्ध दीक्षेला दोन वर्षं झाली होती, मान ताठ ठेवून चालायची सवय अंगात मुरत होती, आणि अशात आपलं नाव छापील अक्षरांत, तेही कलकत्त्याला. चार दिवस त्यांनी कोरा कागद पुढं घेतला आणि मिटून ठेवला.

पण ती ओळ आपली म्हणायला हात धजेना. गुरुजी स्वतः शाळेत गेले तेव्हा त्यांना वर्गाबाहेर बसवत. मास्तर आत बोलायचे, बाहेर त्यातलं निम्मं पोचायचं. ‘पुन्हा सांगा’ म्हणायची सोय नव्हती. तेव्हा त्या पोराला वाटायचं, कुणीतरी तेच परत म्हणावं, आणखी एकदा म्हणावं, म्हणजे राहिलेलं हाती लागेल. चानी बारा वेळा सांगते ती त्या पोरासाठी. यंत्राला एकदा सांगून भागत असेल, त्यात यंत्राचा दोष नाही. पण त्या पोराचं भागत नव्हतं.

पाचव्या दिवशी त्यांनी पत्र लिहिलं. ओळ श्री. ताराचंद यांची आहे, माझी नाही. माझी गोष्ट सोबत जोडली आहे, जमल्यास हिच्याखाली माझे नाव घालावे. मग बारा खेपा पूर्ण लिहून काढल्या, एकही अक्षर न गाळता. बोटं आखडली.

पाच महिन्यांनी पाकीट आलं. त्यात निबंध होता आणि गुरुजींचे कागदही परत आले होते. मधुकररावांनी तळटीप मराठीत सांगितली: “‘ही आज्ञा वर्धा येथील मुद्रक श्री. ताराचंद यांची. गोष्टीच्या लेखकाने ती आपली नसल्याचे कळवले आहे.’” मग घसा खाकरून म्हणाले, “लेखक म्हणून उल्लेख आहे तुमचा.”

“हो,” गुरुजी म्हणाले. त्यांना फार वाईट वाटलं. खरं बोलल्याचं समाधान वगैरे काही वाटलं नाही, उलट आपण मूर्खच, असंच वाटलं.

घरी आल्यावर त्यांनी कागद ओट्यावर टाकले आणि कधी नव्हे ते बायकोला सगळं सांगितलं. जिजाबाई सूप खाली ठेवून ऐकत होत्या.

“मंग नाव नाईच आलं?”

“नाई आलं.”

“ताराचंदचं आलं.”

“त्याचं आलं.”

जिजाबाईंनी ते परत आलेले कागद उचलले, उलटसुलट पाहिले. अक्षरओळख नव्हती, तरी बराच वेळ पाहिले.

“काय हाये हो ह्या गोष्टीत एवढं?”

“तुले मालूम नाई?”

“कोन सांगन मले? तुमाले निदान बाहेर तरी बसवत,” जिजाबाई म्हणाल्या. “मले तं कोनी शाळेच्या बाहेरबी बसवलं नाई.”

गुरुजींनी तिच्या हातातले कागद घेतले. गोष्ट गावच्या पोरांना सांगून झाली, कलकत्त्याला लिहून पाठवून झाली, आणि घरातच सांगायची राहिली होती. अंग तर इतकं शिणलं होतं की आडवं व्हावंसं वाटत होतं.

“बस इथं,” ते म्हणाले, आणि पहिलं पान काढलं.