बाथटबमधलं बदक

आमच्या क्लबात एखाद्या नवशिक्याला माझ्याबरोबर पाठवायचं ठरलं, की बाकीचे त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघतात. मला ते दिसतं, आणि खोटं कशाला बोलू, आवडतं.

साउथहॅम्प्टनच्या बाहेर, बंदरावरच्या क्रेन्स लांबून दिसतात पण त्यांचा आवाज येत नाही, अशा जागी आमची दलदल आहे. ओहोटीला नुसता चिखल आणि भरतीला नुसतं पाणी. इथले लोक तिला मार्श म्हणतात. मी मालवणकडची, मी खाजणच म्हणते. हिवाळ्यात तिथे पहाटे रानबदकं मारायची परवानगी असते. नवीन माणसाने पहिला सीझन जुन्या माणसाबरोबर काढायचा, आणि जुन्याने ‘हो’ म्हटलं तरच पुढे एकट्याने यायचं, असा क्लबचा रिवाज आहे. मी सहसा ‘हो’ म्हणत नाही. बंदूक हातात आली की माणसाला आपण कोणीतरी आहोत असं वाटायला लागतं, आणि ते उतरवायला कोणीतरी लागतं.

मला कोणी उतरवलं तेही सांगते. शेजारी एक इंग्रज बाई राहायची. जन्मभर लोकांचे दात उपटून रिटायर झालेली. एकदा ती मागच्या पायरीवर बसून बदकाची पिसं काढत होती, तेव्हा मी कुंपणावरून म्हटलं, मला द्या एक, आमच्या मसाल्यात करून बघते. ती म्हणाली, खायचं असेल तर मारायला ये. मी गेले. परवाना, बंदूक, क्लब, सगळं रीतसर झाल्यावर पहिल्याच पहाटे माझ्या हातून एक बदक नुसतं जखमी झालं. तिच्या कुत्र्याने ते जिवंत आणून दिलं. बाईने ते माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाली, “पाडलंस तू, संपवायचंस तू.” मी गयावया केली. ती चहा ओतत बसली. मी ते केलं आणि चिखलात ओकले. तिने मला रुमालसुद्धा दिला नाही. त्या दिवशी मी तिला मनात मालवणीतून ज्या शिव्या घातल्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. पण त्यानंतर मी कधी लांबचा बार टाकला नाही. जवळ आल्याशिवाय घोड्याला बोट लावलं नाही. बाई गेली. तिचं वाक्य मी ठेवून घेतलं आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं.

तर दोन हिवाळ्यांपूर्वी क्लबने माझ्याकडे एक पुणेरी पाठवला. सॉफ्टवेअरवाला, तिशी ओलांडलेला, सभ्य, गोरटेला. त्याच्या सात पिढ्यांत कोणी अंडं फोडलं नसावं. तो पहिल्या दिवशी आला तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत पानापानांच्या छापाचे कपडे घालून आला होता. आमच्या खाजणात एक झाड नाही. मी म्हटलं, “अरे, तू दलदलीत आलायस, एम्प्रेस गार्डनमध्ये नाही.” तो हसला. मी कितीही लागट बोलले तरी तो हसायचा, आणि याचा मला फार राग यायचा.

शिवाय तो चिवडा आणायचा. बांधाआड चिखलात आपण श्वास रोखून बसलोय, पूर्वेला जरा उजळतंय, लांबून पंखांचा आवाज येतोय, आणि शेजारी प्लॅस्टिकची पिशवी कुरकुरतेय. “घ्या ना काकू, आईने पाठवलाय.” मी त्याला सांगून थकले. शेवटी एकदा पिशवी हिसकावून पाण्यात टाकली. पुढच्या शनिवारी तो चिवडा स्टीलच्या डब्यात घेऊन आला, आणि तो डबा पिशवीपेक्षा जास्त वाजला.

त्याला माझा ‘हो’ का हवा होता ते त्याने मला लवकरच सांगितलं, मी न विचारता. त्याची बायको थोडे दिवस म्हणून पुण्याला गेली होती आणि आता तिच्या वकिलाचे ईमेल यायला लागले होते. काम घरूनच. दिवसभर स्क्रीनशी बोलायचं, संध्याकाळी भिंतीशी. “इथे आलो ना काकू, की त्या रात्री मला झोप लागते. बाकी सहा दिवस नाही लागत. तुम्ही यस म्हणालात तर मी रोज येईन, लॉग-इन करायच्या आधी. मला दुसरं काही नकोय.” असं थेट मागणारं माणूस मला झेपत नाही. मी म्हटलं, “आधी नीट बार टाकायला शिक.”

शिकला तो. जानेवारीत एका सकाळी विजनचा थवा आला. विजन म्हणजे तांबूस डोक्याचं, शीळ घालणारं छोटं बदक. सायबेरियाकडून येतं. हीच जात थंडीत आपल्या उजनीच्या पाण्यावरही उतरते. त्याने बार टाकला, जरा घाईने, आणि एक नर तिरका होत खाली आला. माझी लॅब्रेडॉर कुत्री गेली आणि अलगद तोंडात धरून घेऊन आली. बदकाचा एक पंख लोंबत होता. डोळे लख्ख उघडे होते.

मी ते त्याच्या हातात दिलं आणि वाक्य म्हटलं.

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. बदक त्याने छातीशी धरलं होतं. कसं करायचं ते मी त्याला आधी कितीदा दाखवलं होतं, मेलेल्या बदकावर त्याच्याकडून करूनही घेतलं होतं. डोक्यामागे दोन बोटं आणि एक झटका, झालं. तो म्हणाला, “काकू, मी करतो. पण प्लीज, तुम्ही तिकडे बघाल का? तुम्ही बघत असलात की मला नाही जमणार.”

मी कोणासाठी असं केलं नव्हतं. त्या दिवशी का केलं कोण जाणे. थंडी फार होती, गुडघा दुखत होता, आणि त्याचा आवाज बारीक झाला होता. मी समुद्राकडे तोंड केलं. मागे पाण्याचा आवाज झाला, मग बॅगेची चेन ओढल्याचा. “झालं, काकू.”

गाडीपर्यंत परत येताना कुत्री त्याच्या बॅगेला नाक लावून चालली होती. मी हाक मारली तरी हलेना. तिथे उभी राहून कुईकुई करायला लागली. मी तिला पट्ट्याने धरून ओढलं आणि चांगलीच ओरडले. म्हटलं, म्हातारी झालीस, मेलेलं जिवंत कळेना तुला.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्यानंतर दोनेक दिवसांनी त्याचा फोन आला, दुपारी, मी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये सँडविच खात असताना. मी तिथे एक्स-रे काढते, रेडिओग्राफर आहे.

“काकू, बिझी आहात का? एक फेव्हर हवा होता. तुम्ही एक्स-रे डिपार्टमेंटलाच आहात ना? एका विंगचा क्विक एक्स-रे काढता येईल का? म्हणजे लंच अवरमध्ये वगैरे. मी घेऊन येतो. बॉक्समध्ये.”

“कसली विंग?”

 “ते जिवंत आहे, काकू.”

मी उरलेलं सँडविच तिथेच टाकलं. ड्यूटी संपल्यावर थेट त्याच्या फ्लॅटवर गेले. दार उघडताच वास आला. वॉर्डात ज्या वासाला आम्ही नर्सला हाक मारतो, तो वास. तो मात्र उत्साहात होता. दाढी वाढलेली, डोळे लाल, आणि चेहऱ्यावर असा आनंद, जो मी इतक्या महिन्यांत पाहिला नव्हता. रजा काढली होती म्हणे. त्याआधी बाथरूममध्येच कमोडच्या झाकणावर लॅपटॉप घेऊन बसायचा, कॅमेरा बंद करून मीटिंग करायचा.

बाथटबमध्ये वीतभर पाणी होतं. कडेला भिजवलेले पोहे, फ्रोझन मटार आणि खालच्या बागेतलं उपटून आणलेलं गवत. कशालाही चोच लागलेली नव्हती. कोपऱ्यात ते विजन बसलं होतं. पंखाला केमिस्टकडची क्रेप बँडेज, इतकी व्यवस्थित गुंडाळलेली की आमच्याकडच्या शिकाऊ पोरींना दाखवावी. पिसांना पाणी लागून ती चिपकली होती. छातीचं हाड वर आलं होतं. बँडेजच्या खालून काळपट हिरवं काहीतरी पाण्यात उतरत होतं.

“व्हिडिओ बघून केलंय सगळं,” तो म्हणाला. “आणि काकू, ते मला ओळखतं. बाहेर गाडी वाजली तरी दचकतं, पण मी जवळ गेलो ना, की बिलकूल हलत नाही. हात फिरवू देतं. मार्चमध्ये सोडू आपण खाजणात. बाकीच्यांबरोबर जाईल परत.”

“ओळखत नाही,” मी म्हटलं. “धरणारा जवळ आला की ती अशीच निपचित पडतात. मेल्याचं सोंग. तू हात फिरवतोस ना, तेव्हा त्याला वाटतं आता खाणार.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी थांबायला हवं होतं असं कोणी म्हणेल. मी थांबले नाही. मी त्याला त्या काळपट हिरव्याचा अर्थ सांगितला. पंख त्याच सकाळी सडायला लागला असणार, हे सांगितलं. तिथल्या तिथे जे क्षणात संपलं असतं ते त्याने इतके दिवस ताणलं, आणि ते त्या पाखरासाठी नाही, घरात कोणीतरी असावं म्हणून, हेही सांगितलं. मला भयंकर राग आला होता. त्याचा, आणि त्याहून जास्त समुद्राकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या बाईचा.

“कर आता,” मी म्हटलं.

“तुम्ही करा ना, काकू. प्लीज. मी तुमच्या पाया पडतो. तुम्हाला सवय आहे.”

“पाडलंस तू, संपवायचंस तू.”

“नाही होणार माझ्याच्याने.”

“मग बंदूक विकून टाक. खाजणात पाय ठेवू नकोस. ना माझ्याबरोबर, ना कोणाबरोबर. क्लबला मी आजच कळवते.”

हे मी मुद्दाम म्हटलं. त्याला आठवड्यातून एकच रात्र झोप लागते आणि ती कुठून येते, हे मला पक्कं माहीत होतं. त्यालाही कळलं की मी मुद्दाम म्हणतेय. तो टबाच्या कडेला गुडघ्यांवर बसला. आधी बँडेज सोडायला लागला. मी म्हटलं, ते राहू दे. त्याने डोक्यामागे बोटं नेली. विजन खरंच हललं नाही. पहिल्या झटक्याला त्याचा हात अर्ध्यात थांबला आणि पाखराने आवाज केला. तो कसा होता ते मी लिहिणार नाही. मी दारात उभी होते, डोळे उघडे ठेवून. दुसऱ्या झटक्याला झालं.

तो बराच वेळ तिथेच बसून रडला. त्याच्या खांद्यावर हात ठेवावा असं मला वाटलं. ठेवला नाही. टबातलं पाणी सोडलं, ब्लीच ओतलं, ब्रश घेतला आणि घासून काढलं. खाण्यासारखं त्या बदकात काही उरलं नव्हतं. त्याने ते वर्तमानपत्रात गुंडाळून खाली नेलं आणि कौन्सिलच्या फूड वेस्टच्या डब्यात टाकलं. परत आला, हात धुतले, पुसले. मी कोट चढवत होते.

“आजपासून एकट्याने येत जा,” मी म्हटलं. “क्लबला सांगते मी.”

तो थँक यू म्हणाला.

मी चुकले असं मला आजही वाटत नाही. तो रोज यायला लागला, लॉग-इन करायच्या आधी, त्याने म्हटलं होतं तसाच. उत्तम बार टाकतो आता, जवळचाच. टाकलेला वाया जात नाही. ते पानापानांचे कपडे गेले. शनिवारी मी माझ्या बांधाआड बसते आणि तो ओहोळाच्या पार दुसऱ्या टोकाला जातो. येताना “मॉर्निंग, काकू” म्हणतो, जाताना मान हलवतो. झोप लागते का, हे मी विचारलेलं नाही. चिवडा आणत नाही. तिथे आता इतकं शांत असतं की मला माझाच श्वास ऐकू येतो, आणि मला तो नको असतो. त्या डब्याचा आवाज मी शोधत असते, हे मी त्याला कधीही सांगणार नाही.

या हिवाळ्यात माझ्या गुडघ्याने दगा दिला, म्हणून क्लबने नवीन माणूस त्याच्याकडे सोपवला. एक तरुण शाळामास्तरीण, ग्लासगोची. बडबडी, सगळ्याला हसणारी. मी नुसती कुत्रीला घेऊन त्यांच्यामागे बसले होते. दिवस वर आला, थवा आला, तिने घाई केली, आणि एक विजन पंख लोंबवत पाण्यात पडलं. कुत्रीने आणलं. त्याने ते कुत्रीच्या तोंडातून घेतलं आणि त्या मुलीच्या हातात दिलं. मग माझं वाक्य म्हणाला, म्हणजे त्या दातवाल्या बाईचं, तिच्याच भाषेत, शब्द न् शब्द तोच.

 मुलीने पाखरू छातीशी धरलं.

“मी करते,” ती म्हणाली. “पण एक मिनिट तुम्ही तिकडे बघाल का? प्लीज.”

“नाही,” तो म्हणाला.

मग त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादी गोष्ट कुठून शिकलो ते आठवावं, तसं. आणि परत तिच्या हातांकडे बघत उभा राहिला, ती रडत होती तरी, शेवटपर्यंत. मी कुत्रीला जवळ ओढलं आणि समुद्राकडे तोंड केलं.